ताई दिसली की जांभई

खारूला ताई दिसली की जांभई येते, हा त्या घरातला जुना विनोद होता. तो कधी सुरू झाला ते कुणाला नीट आठवत नव्हतं. ताई समोर येऊन बसली, पर्स मांडीवर ठेवून "काय रे, जेवलास का?" म्हणाली, की याचा जबडा उघडलाच. एक जांभई संपते न संपते तोच दुसरी. डोळ्यांत पाणी, नाकाचा शेंडा लाल. मग ताई म्हणायची, "मला बघितलं की याला झोप येते. लहानपणी थोपटून निजवलाय ना, अजून मांडी विसरला नाही बघा." सगळे हसायचे. खारूही हसायचा आणि काहीतरी निमित्त काढून उठायचा.

विनोद जुना झाला की त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही. याचंही तसंच झालं.

आई गेली तेव्हा खारूचे दुधाचे दात पडायला लागले होते आणि ताईचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. वडील होते, पण असून नसल्यासारखे. तेव्हा पोराचं सगळं ताईनंच केलं. त्याच्या खिशात शेंगदाण्यांपासून तुटक्या बटणांपर्यंत काय वाट्टेल ते सापडायचं, म्हणून त्याला खारू म्हणायला लागलीही तीच. आईचं पायमशीन होतं, त्याच्यावर तिनं लोकांचे कपडे अल्टर करायला घेतले, मग झगे, मग पडदे. टीप अशी सरळ मारायची की बघणाऱ्यानं पट्टी लावून बघावी. लग्नाचं मात्र राहून गेलं. "राहून गेलं" हे ती अशा सुरात सांगायची, जणू दुधाची पिशवी आणायची राहून गेली.

खारू मोठा झाला आणि फोटो फ्रेम करायच्या धंद्यात शिरला. काच कापावी तर त्यानंच. हिऱ्याचं टोक असलेल्या हिरकणीनं एक रेघ ओढायचा, खालून बोटाची टिचकी मारायचा, की काच गुपचूप दोन तुकडे होऊन हातात यायची. एकदा एका गिऱ्हाइकाचा पुरुषभर उंचीचा आरसा जिन्यावरून चढवताना त्याचा पाय सटकला. शहाण्या माणसानं आरसा सोडला असता. यानं आरसा वाचवला आणि पाठ मोडून घेतली.

ऑपरेशन झालं, दुखणं थांबायला गोळ्या मिळाल्या. पाठ बरी झाली, गोळ्या राहिल्या. डॉक्टरांनी लिहून द्यायचं बंद केलं तेव्हा त्यानं दुसरीकडून आणायला सुरुवात केली, आणि मग तो आपल्या नावाला जागला. उशीच्या अभ्र्यात, बुटाच्या तळव्याखाली, फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यात, मिळेल तिथे गोळ्या लपवायला लागला. खोटं इतकं सफाईनं बोलायचा की ताईला स्वतःच्याच डोळ्यांचा संशय यायचा. शेवटी एक दिवस तिनं त्याला फ्रेमचा पुठ्ठा उचकटताना पकडलं आणि मग मात्र पदर खोचला.

हॉस्पिटलात न्यावं असं एकदोघांनी सुचवलं होतं. ताईनं झुरळ झटकावं तसं ते झटकलं. चार लोकांत भावाचं नाव जायला नको होतं, आणि खरं सांगायचं तर तिला वाटत होतं, वाढवलाय मी, तर सोडवीनही मीच. तिनं आतल्या खोलीत त्याचा पलंग टाकला, दाराला कडी घातली, उजेड डोळ्यांना सोसवत नव्हता म्हणून खिडकी लावून घेतली, पलंगाशी निळी बादली ठेवली. नेमकं तेव्हाच तिच्याकडे एका हॉटेलच्या पडद्यांचं काम होतं. काम सोडता येत नव्हतं आणि भावाला सोडवत नव्हतं. म्हणून तिनं मशीनच ओढत आणून त्याच्या पायथ्याशी मांडलं.

मग सुरू झालं. आधी जांभया, एकामागून एक, जबडा निखळेल अशा. मग नाकाडोळ्यांतून पाणी, अंगभर काटा, पोटात पीळ, उलट्या. पाय असे झाडायचा की चादर पलंगावर टिकायची नाही. ताई टीप मारायची. तो कण्हला की उठायची, रुमालावर निलगिरीचं तेल शिंपडून त्याच्या नाकाशी धरायची, कपाळावर तळवा ठेवायची आणि म्हणायची, "झालंच आता. थोडंच राहिलंय." थोडं वगैरे काही राहिलेलं नसायचं. ती परत मशीनवर बसायची. खडखडखडखड.

"ताई, ते बंद कर गं," तो एकदा म्हणाला होता. "डोक्यात चालतंय ते."

तिनं बंद केलं नाही. मशीन थांबलं तर आपण उठून गेलो असं त्याला वाटेल, एकटं वाटेल, असा तिचा हिशेब. आवाज चालू आहे तोवर ताई इथे आहे, हे पोराला कळू दे.

आणि तो सुटला. भिंतीला धरून का होईना, स्वतःच्या पायांनी बाहेर आला, अर्धा कप चहा प्यायला. ताईनं खिडकी उघडली. त्या दिवसाइतका आनंद तिला आयुष्यात कधी झाला नाही. पुढे ती कुणाला हे सांगायची नाही, पण मनात स्वतःशी म्हणायची, जन्मभर एवढं शिवलं, त्यात हे काम सगळ्यात चांगलं उतरलं.

त्यानंतर वर्षं गेली. खारूनं स्वतःचं दुकान टाकलं. त्याच्या आयुष्यात एक गणिताची शिक्षिका आली, तिला ताई पहिल्या दिवसापासून मास्तरीण म्हणायला लागली आणि मास्तरणीनंही ते नाव हसत लावून घेतलं. सगळं मार्गी लागलं. एकच गोष्ट ताईला सलायची. खारू तिच्याकडे यायचा नाही.

म्हणजे तिच्यासाठी करायचा सगळं. चष्मा करून दिला, गळका नळ बदलून दिला, तिच्या वाढदिवसाला न चुकता फोन. पण घरी म्हणून टेकायचा नाही. जिन्याखालून हाक मारायचा, "ताई, खाली ये ना, बागेत बसू." बागेतल्या बाकावरही तो टोकाला बसायचा आणि जांभया द्यायचा. कधी नाइलाजानं वर आलाच, तर दाराजवळच्या स्टुलावर बसून चहा ढोसायचा आणि पळायचा. एकदा ती एका झग्याला टीप मारत होती आणि हा दारात आला. तिनं "आलेच हां, एवढी बाही संपवते" म्हणून मान वर केली तर दार रिकामं.

"मोठा झाला," ती स्वतःशीच पुटपुटली. "आपले वाईट दिवस ज्यानं बघितले, त्याचं तोंड बघायला लाज वाटते माणसाला." तिला वाईट वाटलं आणि रागही आला. त्या रात्री ती जेवली नाही. जेवली नाही हे त्याला कळवायचं कसं, हे न सुचल्यानं तो राग तसाच वाया गेला.

मग मास्तरणीला दिवस गेले. सुरुवातीलाच काही अडचण निघाली आणि डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं. तिची आई कधीच वारलेली. ताईला फोन मास्तरणीनंच केला. ताईच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. दुसऱ्याच दिवशी ती टेम्पो करून हजर झाली, आणि टेम्पोतून आधी उतरलं ते पायमशीन.

खारू दारात उभा होता. दोन माणसं मशीन वर चढवताना बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मशीन कशाला आणलंस ताई?"

"मग काय हात जोडून बसू? बाळाचे कपडे काय तू शिवणारेस? काचेचे?"

टेम्पोवाले हसले. खारूनं जांभई दिली.

मशीन मागच्या खोलीत खिडकीशी मांडलं गेलं. ताईनं घर हातात घेतलं. स्वयंपाक, मास्तरणीच्या उशापायथ्याचं, आणि उरलेला सगळा वेळ खडखडखडखड. दुपटी, टोपडी, झबली. मास्तरीण पडल्या पडल्या म्हणायची, "ताई, एका बाळाला किती कपडे? जुळी नाहीयेत हो." ताई म्हणायची, "तू आपली गणितं कर."

खारू दुकानात जास्त जास्त वेळ राहायला लागला. घरी आला की ताटावर जांभया द्यायचा. ताईनं आधी नेहमीचा विनोद केला. पण आता ती त्याला रोज बघत होती, बागेतल्या बाकासारखं कधीमधी नाही. आणि ताईची नजर म्हणजे उसवलेला एक टाका लांबून हेरणारी नजर. तिला दिसलं की जांभईबरोबर नाक वाहतंय. उकाड्याच्या दिवसांत याच्या हातावर काटा येतोय. जेवण चिवडतो, मधेच पोट धरून उठतो, झोपेत पाय झाडतो.

ही सगळी लक्षणं तिला तोंडपाठ होती. पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कुणाला नसतील इतकी. हा परत घेतोय. घेतोय, आणि मिळाली नाही की हे असं होतंय.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकलेली बरी. खारू घेत नव्हता. सुटला त्या दिवसापासून त्यानं एकही गोळी तोंडात टाकली नव्हती. आजूबाजूला कुणी पाठदुखीचा विषय काढला तरी तो उठून जायचा. ताईला जे दिसत होतं ते खोटं नव्हतं, पण तिनं लावलेला अर्थ साफ चुकला होता. अशी चूक दुसऱ्या कुणाकडून झालीच नसती, कारण दुसऱ्या कुणाला ती लक्षणं ओळखताच आली नसती.

ताईनं खिसे तपासले. पेन्सिलीचा तुकडा, दोन खिळे, शेंगदाणे. उशीचे अभ्रे उलटे केले. बुटांचे तळवे काढून बघितले. मग भिंतीवरची एक एक फ्रेम उतरवून मागचा पुठ्ठा चाचपायला लागली, तेवढ्यात मास्तरीण भिंतीला धरून उठून आली.

"काय शोधताय ताई?"

"सुई पडली गं हातातली."

"फ्रेमच्या मागे?"

"सुईचा काय भरवसा," ताई म्हणाली आणि फ्रेम परत अडकवली.

पोटुशी पोरीला हे सांगायचं नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं. कुणालाच सांगायचं नाही. तेव्हा नाही सांगितलं आणि निभावलं, आताही निभावेल. तेव्हा मी जिंकले होते ना? मग!

दुकान बंद असायच्या दिवशी मास्तरणीची मैत्रीण गाडी घेऊन आली आणि तिला तपासणीला घेऊन गेली. खारू मागच्या खोलीत येऊन, पोटाशी पाय घेऊन पडला होता. ताई आत आली. तिनं दाराला आतून कडी घातली. खिडकी लावली. सोबत आणलेली मोरीतली बादली पलंगाशी ठेवली. घरात बादली लालच होती, तेवढाच फरक.

खारू उठून बसला. "काय करतेयस ताई?"

"खरं सांग. कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्याशी तरी खोटं बोलू नकोस रे. मी नाही ओळखणार तर कोण ओळखणार?"

त्याला कळायला क्षणभर लागला, आणि कळल्यावर त्याचा चेहरा पडला. "ताई, मी काहीही घेतलेलं नाही. बाळाची शपथ."

"तेव्हा आईची घेत होतास."

आईची शपथ तो तेव्हा घेतच होता. त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, एक जांभई दाबायला गेला, ती दाबली गेली नाही. "ताई, ऐक माझं. तू मशीन परत पाठव. आणि तू पण जा थोडे दिवस. मी मास्तरणीचं बघतो, बाई लावतो कामाला. तू जा. प्लीज जा."

"तेव्हाही मला असाच घालवत होतास," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "तेव्हा गेले असते तर आज तू नसतास."

तिनं रुमालावर निलगिरी शिंपडली. तो भिंतीकडे सरकला, सरकायला जागा संपेपर्यंत सरकला. तिनं त्याच्या कपाळावर तळवा ठेवला. तो थरथरायला लागला. तिला वाटलं, बघा, म्हटलं नव्हतं? तो बादलीत ओकला. तिनं त्याची पाठ चोळली, तोंड पुसलं, त्याला झोपवलं, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"झालंच आता," ती म्हणाली. "थोडंच राहिलंय."

मग ती मशीनवर बसली आणि एक पिवळं झबलं शिवायला घेतलं, म्हणजे पोराला कळू दे की ताई इथे आहे. हळूहळू पलंगावरचं कण्हणं थांबलं. तो भिंतीकडे तोंड करून निपचित पडला. ताईनं देवाचे आभार मानले. मास्तरीण परत आली तेव्हा तिनं सांगितलं, "पोट बिघडलं होतं त्याचं. आता बरंय."

सकाळी तो लवकर उठला, अंघोळ केली, दाढी केली, ताईच्या नजरेला नजर न देता दुकानात गेला. ताई दिवसभर गुणगुणत होती. अर्धं जिंकल्यासारखं वाटत होतं तिला.

दुपारी फोन आला तो शेजारच्या किल्लीवाल्याचा. ड्रिल परत द्यायला तो दुकानात गेला तर काउंटरमागे खारू पडलेला. ओठ निळे, श्वास आहे की नाही कळेना. समोर अर्धवट कापलेली काच. "ताई, हॉस्पिटलात नेलंय त्याला. तुम्ही या. वहिनींना एकदम सांगू नका."

पण मास्तरणीनं ते तिच्या तोंडावरून वाचलंच होतं. दोघी रिक्षात एकमेकींचा हात धरून बसल्या. ताई स्वतःला दोष देत होती तो वेगळाच. एक दिवस उशीर झाला, तिला वाटत होतं. आणखी एक दिवस दाराला कडी ठेवायला हवी होती.

तो वाचला. किल्लीवाला वेळेवर गेला म्हणून वाचला, नाहीतर सगळं संपलं होतं. दमलेल्या चेहऱ्याची एक डॉक्टरीण बाहेर आली. ताई पुढे झाली.

"मला माहीत होतं हो," ती म्हणाली. "परत घ्यायला लागला होता. कधीपासून कोण जाणे."

"नाही," डॉक्टरीण म्हणाली. "रोज घेणाऱ्याला एवढ्या गोळ्यांनी काही झालं नसतं. पूर्वी एवढ्या घ्यायचा, त्या अंदाजानं घेतल्या असणार. पण आता त्याच्या अंगाला सवयच उरली नव्हती. म्हणून तर जिवावर बेतलं."

डॉक्टरीण विचारत होती, पहिल्यांदा सोडवलं तेव्हा कुठे ठेवलं होतं?

"घरी," ताई म्हणाली. "मीच." इतकं होऊनही त्या "मीच" मध्ये थोडासा अभिमान उतरलाच.

"औषधं कोणती दिली होती?"

"औषधं कसली? तीच तर सोडवायची होती."

डॉक्टरणीनं डोळे चोळले. तिच्या मनात टोमणा वगैरे काही नव्हता, नुसता थकवा होता. "अहो, त्रास कमी करायची औषधं असतात. हळूहळू उतरवता येतं. इतकं सोसायला लावायची गरज नसते कुणाला." एवढं बोलून ती दुसऱ्या पेशंटकडे गेली. असं कुणाच्या काळजात काही ठेवून जातो आपण, हे सांगणाऱ्याला कळतच नाही.

गरज नव्हती. ताई हॉस्पिटलातल्या बाकावर बसून राहिली. ते पाय झाडणं, ते कण्हणं, ती बादली, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आजवर ते आठवलं की तिची मान ताठ व्हायची.

संध्याकाळी आत सोडलं. खारूच्या हाताला सुई होती, चेहरा ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाचा. मास्तरीण त्याच्या पायाशी बसली होती. ताई जवळ गेली आणि काही विचार करायच्या आत हात कपाळाकडे गेला.

"ताई, हात नको."

हात अधांतरी राहिला.

"नको म्हणजे..." तो थांबला. मग छताकडे बघत, हळू आवाजात बोलायला लागला. "त्या दिवशी सांगायचं होतं मला. त्याच्या आधीही कितीदा ठरवलं होतं. ताई, गोळीची मजा मी कधीच विसरलो. खरंच विसरलो. दुकानात कुणी गोळी आणून ठेवली असती तरी मी हात लावला नसता. पण ते दिवस नाही विसरलो. म्हणजे डोक्यानं विसरलो, अंग विसरत नाही. मशीन ऐकलं की पोटात पीळ पडतो. निलगिरीचा वास आला की नाक वाहतं. आणि तू..." त्याचे डोळे वाहायला लागले. "तू समोर आलीस की जांभया सुरू होतात. तिथूनच सुरू व्हायचं ना ते. तुझा हात लागला की मी परत त्या खोलीत असतो. आणि अंगाला हेही माहीत आहे की एक गोळी घेतली की हे थांबतं."

ताई म्हणाली, "मग मला आधी का नाही सांगितलंस रे?"

"काय सांगू? जिनं मला जगवलं तिला बघून मला मळमळतं, हे सांगू तुला?"

ताईनं अधांतरी राहिलेला हात मागे घेतला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून पर्समध्ये घातला. पर्समध्ये रुमाल होता. रुमालाला निलगिरीचा वास होता. तिनं पर्स घट्ट मिटली, पोटाशी धरली आणि पाऊल पाऊल मागे सरकत दाराबाहेर आली.

मास्तरीण तिच्या मागून आली. मास्तरीण स्वभावानं शांत, पण त्या वेळी तिनं ताईची वाट अडवली. "ताई, मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही मला सुई शोधतेय म्हणालात."

"हो गं," ताई म्हणाली.

"मला सांगितलं असतंत तर आपण दोघी बोललो असतो त्याच्याशी."

"हो." आणि मग ताई म्हणाली, "माझं सामान मी आजच हलवते. तो घरी यायच्या आत. फरशी पुसून घेते, वास राहायला नको."

मास्तरणीनं आधी मान हलवली आणि मग एकदम ताईच्या गळ्यात पडून रडली. दोघींच्या मध्ये पोट आलं, त्यामुळे मिठी नीट जमलीच नाही.

मुलगी झाली, ती पावसाळा संपताना. ताईनं फोटो बघितला फोनवर. नाक ताईचं होतं, निदान ताईचं तसं म्हणणं होतं. आता ती निलगिरी वापरत नव्हती, सर्दी झाली तरी. बाळाचे कपडे शिवून झाले की स्वतः धुवायची, उन्हात वाळवायची, नाकाशी धरून हुंगायची, परत धुवायची. मग मास्तरीण येऊन घेऊन जायची. खारू हॉस्पिटलात उपचाराला जात होता. तिथले लोक म्हणत होते की अंगालाही हळूहळू विसरायला शिकवता येतं. सावकाश. आधी ताईचा नुसता आवाज फोनवर, थोडा वेळ. ते जमलं तर लांबून भेट. पुढचं पुढे. ताई फोन करायच्या आधी मशीनवर चादर टाकायची, जणू ते तोंड उघडेल.

आणि एक दिवस मास्तरणीनं निरोप आणला, खारू म्हणालाय, दुकानावरून जा. समोरच्या फुटपाथवरून.

ताईनं त्या दिवशी नवा ड्रेस घातला, भाऊ जणू परदेशातून आला होता. समोरच्या बाजूला, बुटाच्या दुकानाच्या छपराखाली ती उभी राहिली. मध्ये रस्ता, गाड्या, हॉर्न. काचेमागे खारू दिसत होता. अंगावर थोडं मांस चढलं होतं. त्यानं हिरकणीनं रेघ ओढली, खालून टिचकी मारली, काच दोन तुकडे होऊन हातात आली. लेक पाळण्यात बसून बघत होती, अंगात पिवळं झबलं. तेच. ताईनं ते त्या दिवशी शिवलेलं म्हणून फेकायला काढलं होतं, मास्तरणीनं ठेवून घेतलं असणार. खारूला माहीत होतं की नाही, देव जाणे.

त्यानं मान वर केली. ताई दिसली. त्याचा चेहरा खुलला, अगदी खिशात शेंगदाणे घेऊन फिरायच्या वयात खुलायचा तसा. लेकीला उचलून कडेवर घेऊन तो दारात आला.

"ताई!" तो रस्त्यापलीकडून ओरडला. "ये ना! ये इकडे. चहा सांगतो."

ताईनं डावीउजवीकडे बघितलं. गाड्या थांबल्या होत्या. तिनं पाऊल रस्त्यावर टाकलं. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

त्यानं तोंड लेकीच्या टोपड्याआड नेलं. लपवायला नेलं. पण ताईला लांबून उसवलेला टाका दिसायचा. तिला त्याच्या नाकपुड्या फुललेल्या दिसल्या, गळा ताठ झालेला दिसला आणि मग डोळ्यांत चमकलेलं पाणी.

ताईनं पाऊल परत फुटपाथवर घेतलं.

"बघ गं बघ," ती लेकीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "मला बघितलं की तुझ्या बापाला झोप येते!"

खारू हसला. विनोद जुना होता, हसायची सवय होती. डोळे मात्र हसत नव्हते, ते तिच्याकडे बघत होते.

"चहा नको रे आज," ताई म्हणाली. "कापड आणायचंय. दुकान बंद होईल."

तिनं हात हलवला आणि दुसरी जांभई यायच्या आत पाठ फिरवली.